जुन्या डेस्कटॉपची स्क्रीन लॅपटॉपला जोडायची, तर सुरुवात सीपीयूपासून करू नका

"ताई, केबल कोरी करकरीत आहे, तरी स्क्रीन काळीच की!"

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे मालक मला हे सांगत होते. टेबलावर लॅपटॉप, शेजारी १९ इंची जुना मॉनिटर, टेबलाखाली सीपीयू. दोन्ही टोकांना एचडीएमआय असलेली केबल लॅपटॉपमधून निघून थेट सीपीयूच्या पाठीत घुसवलेली. मी म्हटलं, "मामा, नदीवरच्या दोन मोटारींच्या डिलिव्हरी पाइपा एकमेकींना जोडल्या, तर पाणी कुठं जाईल?" ते क्षणभर थांबले आणि त्यांनी स्वतःच केबल उपसली.

लॅपटॉपची एचडीएमआय चित्र बाहेर सोडते. सीपीयूच्या मागची एचडीएमआय किंवा व्हीजीए, तीही बाहेरच सोडते. त्या टेबलावर चित्र आत घेणारी वस्तू एकच होती, मॉनिटर. आणि त्याला कोणी हातही लावला नव्हता.

मी लक्ष्मीपुरीतल्या काही व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. एका स्क्रीनवर टॅली आणि दुसरीवर जीएसटी पोर्टल उघडं असलं की जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस किती हलके जातात, ते मी रोज अनुभवते. म्हणूनच पडून असलेला मॉनिटर कोणी रद्दीत देतं किंवा चुकीच्या केबलींवर पैसे घालवतं, तेव्हा वाईट वाटतं. खालचा क्रम विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपसाठी आहे. पायऱ्या गाळू नका. बहुतेकांचं काम पाचव्या-सहाव्या पायरीलाच संपेल.

पायरी १ : तुमच्यासमोर नक्की काय आहे ते ओळखा

"जुना डेस्कटॉप" म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे.

मॉनिटर वेगळा, सीपीयू वेगळा, आणि सीपीयू आता कोणी वापरत नाही. ही सगळ्यांत सोपी वाट. सीपीयू बाजूला ठेवा, त्याची वीज काढा, त्याला पूर्ण विसरा. मॉनिटर थेट लॅपटॉपला जोडायचा. पायरी २ ते ६ करा.

मॉनिटर वेगळा, सीपीयू वेगळा, पण सीपीयूही चालू लागतो. एखादं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, किंवा प्रिंटर त्याला जोडलेला आहे. अशा वेळी मॉनिटरच्या मागे बघा. बऱ्याच मॉनिटरना दोन जागा असतात, एक व्हीजीए आणि एक डीव्हीआय किंवा एचडीएमआय. एका जागेवर सीपीयू राहू द्या, दुसरीवर लॅपटॉप लावा. मॉनिटरचं सोर्स किंवा इनपुट असं लिहिलेलं बटण दाबलं की पाहिजे तो संगणक दिसतो. ही सोय असूनही अनेकांना ती माहीत नसते. एकच जागा असेल तर पायरी ८ वाचा.

स्क्रीनच्या आतच सगळा संगणक, म्हणजे ऑल-इन-वन. इथं स्क्रीनला बाहेरून चित्र घेण्याची वाट बहुधा नसतेच. त्याच्या एचडीएमआयशेजारी "इन" असं स्पष्ट छापलेलं असेल तरच तिथं केबल लावून उपयोग होतो. नुसतं "एचडीएमआय" किंवा "आउट" असेल तर केबलवर एक रुपयाही घालवू नका, थेट पायरी ७ ला जा.

तपासणी : या तिन्हींपैकी आपलं कुठलं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते येत नाही तोवर दुकानात जाऊ नका.

पायरी २ : खर्च करण्याआधी मॉनिटर एकटा लावून बघा

मॉनिटरला फक्त विजेची केबल लावा, दुसरी कुठलीही नाही. बटण दाबा. दिवा लागून स्क्रीनवर काही क्षण "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" असा मजकूर दिसला, तर मॉनिटर जिवंत आहे. मजकूर दिसून लगेच अंधार झाला तरी हरकत नाही, सिग्नल नसला की मॉनिटर झोपी जातो. पण मजकूर एक-दोन सेकंद दिसतो, स्क्रीन विझते, बटण दाबलं की पुन्हा तेवढाच वेळ उजळते, असं होत असेल तर टॉर्च लावून तिरकं बघा. अंधारात चित्र पुसट दिसत असेल तर आतली बॅकलाइट किंवा तिला वीज देणारा भाग गेला आहे. दुरुस्तीचा खर्च विचारून मगच पुढं जा.

काही मॉनिटरना भिंतीतून सरळ वीज जात नाही, मध्ये अ‍ॅडॉप्टर असतो. तो हरवला असेल तर घरातला दिसेल तो लावू नका. मॉनिटरच्या पाठीवर किती व्होल्ट लागतात ते छापलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनेचं आतलं-बाहेरचं प्लस-मायनस जुळलं पाहिजे.

सावधान : २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी ज्या घरा-दुकानांत शिरलं, तिथले भिजलेले मॉनिटर आणि सीपीयू अजून माळ्यावर आहेत. बाहेरून ते कोरडे दिसतात. आत मात्र गाळ बसलेला असतो आणि वीज घेणाऱ्या भागावर गंज चढलेला असतो. असा मॉनिटर "एकदा लावून तर बघू" म्हणून बोर्डात लावू नका. आधी उघडून साफ करून घ्या, तेही जाणत्या माणसाकडून. मॉनिटरमधला कपॅसिटर वीज काढल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून झाकण घरी उघडायचं नाही.

आणि तीन पिनांची केबल दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून अर्थिंगची पिन तोडलेली असेल, तर ती केबल टाकून द्या. जोडणी करताना हाताला मुंग्या येतात त्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

पायरी ३ : पिनांचे फोटो काढा, मग दुकानात जा

सगळ्यांत जास्त पैसे इथं वाया जातात. दुकानात जाऊन "लॅपटॉप मॉनिटरला जोडायची केबल द्या" एवढंच सांगितलं, तर दुकानदार अंदाजानंच काहीतरी देणार. त्याचा दोष नाही. मोबाइलवर दोन फोटो घेऊन जा, लॅपटॉपच्या दोन्ही कडांचा एक आणि मॉनिटरच्या मागच्या जागांचा एक.

मॉनिटरकडे काय असू शकतं?

व्हीजीए : बहुतेक निळी जागा, तीन ओळींत मिळून १५ भोकं, दोन्ही बाजूंना स्क्रू. जुन्या मॉनिटरला हीच असते.

डीव्हीआय : पांढरी, रुंद, जास्त भोकं, शेजारी आडवी चीर.

एचडीएमआय : चपटी, खालचे दोन कोपरे कापलेली.

डिस्प्लेपोर्ट : एचडीएमआयसारखीच, पण एकच कोपरा कापलेला.

आता लॅपटॉपकडे बघा. एचडीएमआय असेल तर पुढचं सोपं आहे. नुसत्या टाइप-सी जागा असतील तर जरा थांबा, कारण प्रत्येक टाइप-सीमधून चित्र निघत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची, म्हणजे विजेच्या बाणाची खूण असेल तर निघतं. खूण नसेल तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपानावर बघा. मोबाइल चार्ज होतो म्हणजे चित्रही निघेल, असं गृहीत धरू नका.

जोड्या अशा जुळतात. लॅपटॉप एचडीएमआय, मॉनिटर एचडीएमआय : साधी केबल. लॅपटॉप एचडीएमआय, मॉनिटर डीव्हीआय : एचडीएमआय ते डीव्हीआय केबल, मध्ये कुठलंही यंत्र लागत नाही. लॅपटॉप एचडीएमआय, मॉनिटर व्हीजीए : इथं कन्व्हर्टर लागतोच. एचडीएमआयमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात येतं, व्हीजीएला ते विजेच्या चढउतारांच्या रूपात लागतं. म्हणून मध्ये चिप असलेली डबी हवी. नुसती पिन बदलणारी, आत चिप नसलेली वायर स्वस्तात मिळते, पण तिच्यातून काहीच दिसत नाही.

कन्व्हर्टरला दिशा असते, हे दुकानात मोठ्यानं सांगा. "एचडीएमआय ते व्हीजीए" आणि "व्हीजीए ते एचडीएमआय" या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि खोक्यात त्या सारख्याच दिसतात. आपल्याला हवा तो असा : लॅपटॉपमध्ये शिरणारी एचडीएमआयची नर पिन एका बाजूला, आणि मॉनिटरची निळी केबल जिच्यात बसेल अशी १५ भोकांची मादी जागा दुसऱ्या बाजूला. शक्य असेल तर लॅपटॉप आणि मॉनिटरची जुनी व्हीजीए केबल बरोबर न्या आणि तिथल्याच एखाद्या मॉनिटरवर लावून दाखवा म्हणा. पाच मिनिटांचं काम आहे, राजारामपुरीची दुसरी फेरी वाचते.

लॅपटॉपला एचडीएमआय नाही आणि टाइप-सीमधून चित्रही निघत नाही, असं असेल तर साध्या यूएसबीवर चालणारे डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर मिळतात. त्यांना स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि ते महागही पडतात. हिशेब, पत्रव्यवहार, पीडीएफ वाचणं यासाठी ठीक.

तपासणी : व्हीजीए केबलचं टोक उजेडात धरा. वाकलेली पिन असेल तर टूथपिकनं हळूच सरळ करा. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर घाबरू नका, अनेक केबलींना ९ नंबरची पिन मुळातच नसते.

पायरी ४ : जोडणी या क्रमानं (व्हीजीए मॉनिटर आणि कन्व्हर्टर धरून)

१. मॉनिटर बंद. लॅपटॉप चालू असला तरी चालतो, पण पहिल्यांदा करताना तोही बंद ठेवलेला बरा.

२. निळी केबल मॉनिटरला लावा आणि दोन्ही स्क्रू हातानं पिळा. स्क्रू न पिळलेली केबल टेबलाला धक्का लागला की थोडी सुटते आणि मग रंगांची गडबड सुरू होते.

३. त्याच केबलचं दुसरं टोक कन्व्हर्टरला. इथं स्क्रूला जागा नसेल तर केबल लोंबकळत सोडू नका. ती जड असते आणि तिचा सगळा भार लॅपटॉपच्या एचडीएमआय जागेवर पडतो. मी कन्व्हर्टरखाली जुनी डायरी सरकवते, म्हणजे तो सपाट बसतो.

४. कन्व्हर्टरला छोटी यूएसबी वायर असेल तर तीही लॅपटॉपला लावा. तिच्यातून त्याला वीज मिळते. ती न लावल्यानं चित्र लुकलुकतं आणि लोक कन्व्हर्टर परत देऊन येतात.

५. आता कन्व्हर्टर लॅपटॉपमध्ये.

६. मॉनिटर चालू करा आणि सोर्स बटणानं व्हीजीए निवडा. काही मॉनिटरवर त्यालाच अ‍ॅनालॉग किंवा डी-सब म्हटलेलं असतं.

७. लॅपटॉप चालू करा.

तपासणी : लॅपटॉपवर विंडोज की आणि पी एकत्र दाबा. बाजूला चार पर्यायांची पट्टी येते. त्यात ड्युप्लिकेट निवडा. दोन्हीकडे तेच चित्र दिसलं तर तारांचं काम झालं. ते झाल्याशिवाय विंडोजच्या सेटिंगमध्ये काही शोधत बसू नका.

पायरी ५ : विंडोजला जागा दाखवून द्या

पुन्हा विंडोज की आणि पी, आणि आता एक्सटेंड. ड्युप्लिकेटवर थांबून "दोन्हीकडे तेच दिसतं, मग उपयोग काय?" असं म्हणणारे मला अनेक भेटले आहेत. दुसरी स्क्रीन खऱ्या अर्थानं सुरू होते ती एक्सटेंडनं.

मग सेटिंग, सिस्टम, डिस्प्ले. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. आयडेंटिफाय दाबलं की कुठली स्क्रीन कुठल्या आकड्याची ते कळतं. टेबलावर मॉनिटर डावीकडे असेल तर चौकोन २ माउसनं ओढून डावीकडे ठेवा आणि अ‍ॅप्लाय करा. हे केलं नाही तर माउस डावीकडे नेला की भिंतीला आपटल्यासारखा थांबतो. उंचीही जुळवा. लॅपटॉप खाली आणि मॉनिटर स्टँडवर असेल तर चौकोनही तसाच थोडा वर सरकवा.

आता चौकोन २ निवडा आणि खाली रिझोल्यूशन बघा. एलसीडी मॉनिटरला त्याचा एकच खरा आकडा असतो आणि तो न मिळाला तर अक्षरं भुरकट होतात. १७ इंची चौकोनी स्क्रीनला बहुधा १२८० गुणिले १०२४, १८.५ इंची रुंदीला १३६६ गुणिले ७६८, १९ इंची रुंदीला १४४० गुणिले ९००. नक्की आकडा पाठीवरच्या मॉडेल नंबरावरून शोधा. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवा. स्केल १०० टक्के ठेवून बघा. लॅपटॉपची स्केल १२५ किंवा १५० असेल तर ती तशीच राहू द्या, दोन्हीकडे सारखी असलीच पाहिजे असं नाही.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी माझी एक साधी परीक्षा आहे. दुसऱ्या स्क्रीनवर १२ आकाराच्या टायपात "घ ध, भ म, ष प, ब व" असं टाइप करा आणि नेहमीच्या अंतरावरून वाचा. घ आणि ध यांच्यातली वरची रेघ स्वच्छ वेगळी दिसली पाहिजे, ब च्या पोटातली रेघ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर रिझोल्यूशन चुकलं आहे किंवा मॉनिटरची फेज, म्हणजे येणाऱ्या सिग्नलशी ठिपक्यांचा मेळ, जुळलेली नाही. मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा, पण आधी स्क्रीनवर पांढरी खिडकी पूर्ण उघडून ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर ऑटो दाबलं तर मॉनिटरला कडा सापडत नाहीत आणि चित्र एका बाजूला सरकतं. त्यानंतरही समाधान झालं नाही तर विंडोजच्या सर्चमध्ये क्लीअरटाइप शोधा आणि तो दाखवेल त्यातला तुम्हाला स्पष्ट वाटणारा नमुना निवडत जा. लग्नपत्रिका, बिलं, पावत्या यांचं टायपिंग करणाऱ्यांनी ही परीक्षा टाळू नये. एक अनुस्वार सुटला तर छपाईनंतर काही करता येत नाही.

पायरी ६ : चित्र येतं, पण बरोबर येत नाही

पांढऱ्याच्या जागी पिवळं दिसतं : निळा रंग पोचत नाही. पांढऱ्याच्या जागी गुलाबी-जांभळं : हिरवा पोचत नाही. पांढऱ्याच्या जागी निळसर हिरवं : लाल पोचत नाही. व्हीजीएच्या पहिल्या ओळीतल्या पहिल्या तीन पिना अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग नेतात. म्हणजे यातलं काही दिसलं तर मॉनिटर खराब झाला असं समजू नका. केबल काढा, पिना बघा, पुन्हा घट्ट लावा. दहातल्या आठ वेळा एवढ्यावरच भागतं, असा माझा अनुभव.

"आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" : लॅपटॉप मॉनिटरला न झेपणारं चित्र पाठवतो आहे. विंडोज की आणि पी दाबून ड्युप्लिकेट करा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघत रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ ला उतरवा, मग एक्सटेंड करून एकेक पायरी वर चढा.

पाहिजे तो आकडा यादीतच नाही : मॉनिटर आपली माहिती लॅपटॉपला व्हीजीए केबलमधूनच कळवतो. स्वस्त केबलमध्ये ती तारच नसते, मग विंडोज ठोकताळ्यानं मोजकेच आकडे दाखवतं. दुसरी केबल लावून बघा. मॉनिटरबरोबर आलेली मूळ केबल असेल तर ती सर्वांत चांगली.

लॅपटॉपचा आवाज गेला : विंडोजनं आवाज एचडीएमआयकडे वळवला आहे आणि व्हीजीएतून आवाज जात नाही. खालच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन लॅपटॉपचे स्पीकर निवडा. लोक ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकतात, त्याची गरज नसते.

ओटीटीवरचा सिनेमा काळा दिसतो : कॉपी रोखण्यासाठी कंपन्या जी सुरक्षा लावतात ती व्हीजीएला ठाऊक नाही. त्यावर उपाय शोधत बसू नका, सिनेमा लॅपटॉपवरच बघा.

पायरी ७ : ऑल-इन-वन असेल तर नेटवर्कची वाट

इथं जुना संगणक चालू राहणार, आणि लॅपटॉपचं चित्र नेटवर्कवरून त्याच्या स्क्रीनवर उमटणार. आधी एक गैरसमज दूर करू. लांबून दुसऱ्याचा संगणक बघण्याची जी सॉफ्टवेअर असतात, रिमोट डेस्कटॉपसारखी, ती यासाठी नाहीत. ती लॅपटॉपची आहे तीच स्क्रीन दुसरीकडे दाखवतात. आपल्याला जास्तीची स्क्रीन हवी आहे.

आधी जुना संगणक धड उभा राहतो का ते बघा. चालू होताना बीप वाजून थांबत असेल तर बहुतेक रॅम सैल आहे. वीज काढून रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी खोडरबरनं हलकेच पुसा, पुन्हा कट आवाज येईपर्यंत बसवा. तारीख दरवेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी बदला. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि काहीच उतरवता येत नाही. लोक मात्र इंटरनेटवाल्याला फोन करतात.

सावधान : विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. असा संगणक इंटरनेटवर मोकळा ठेवू नका. बँक, जीएसटी, ईमेल यांचे पासवर्ड त्याच्यावर टाकू नका. फक्त पडदा म्हणून वापरायचा आहे, तर लॅपटॉपला थेट लॅन केबलनं जोडा आणि त्याचं इंटरनेट बंदच ठेवा. हा माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग आहे, आणि वायफायपेक्षा चित्रही स्थिर राहतं.

क्रम असा ठेवा.

१. स्पेसडेस्क हे नेटवर्कवरून जास्तीची स्क्रीन देणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर त्याचा ड्रायव्हर भाग उतरवा आणि बसवा. जुन्या संगणकासाठी त्याचाच व्ह्यूअर भाग लॅपटॉपवरच उतरवून पेन ड्राइव्हनं न्या. उतरवण्याआधी तुमची विंडोजची आवृत्ती स्पेसडेस्कच्या डाउनलोडच्या पानावर लिहिलेली आहे का, ते बघा. धंद्यासाठी वापरणार असाल तर परवान्याची अटही तिथंच वाचा. उलटं बसवू नका. ज्याची स्क्रीन वाढवायची त्याला ड्रायव्हर, जो पडदा होणार त्याला व्ह्यूअर.

२. लॅन केबल दोन्हीकडे लावा. लॅपटॉपला लॅनची जागा नसेल तर यूएसबी ते लॅन अ‍ॅडॉप्टर घ्या. पिनेजवळचे छोटे दिवे लागले पाहिजेत. लागले नाहीत तर केबल बदला, पुढं जाऊ नका.

३. दोघांना पत्ते द्या. लॅन कार्डाच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये लॅपटॉपला १९२.१६८.५०.१ आणि जुन्या संगणकाला १९२.१६८.५०.२. दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. टाइप करताना आकडे इंग्रजी अंकांत टाका. तिसऱ्या जागी ५० अशासाठी, की घरच्या राउटरचे पत्ते बहुधा ० किंवा १ चे असतात, त्यांच्याशी गोंधळ नको. पत्ता लॅन कार्डालाच द्या, वायफायला नाही. वायफायला दिला तर लॅपटॉपचं इंटरनेट जाईल.

४. लॅपटॉपवर फायरवॉल परवानगी विचारेल. अशा थेट जोडलेल्या नेटवर्कला विंडोज बहुधा पब्लिक समजतं, म्हणून स्पेसडेस्कला परवानगी देताना पब्लिकचीही खूण करा. फायरवॉल सरसकट बंद करू नका.

५. जुन्या संगणकावर व्ह्यूअर उघडा आणि लॅपटॉपचा पत्ता टाकून जोडा. मग पायरी ५ प्रमाणे एक्सटेंड आणि चौकोनांची मांडणी.

तपासणी : दुसऱ्या स्क्रीनवर एक्सेलची मोठी शीट उघडून वरखाली सरकवा. थोडा उशीर जाणवेल, तो राहणारच. टॅली, पीडीएफ, पोर्टल यासाठी चालतो. व्हिडिओ आणि गेम यांची अपेक्षा ठेवू नका. जोडणी झाली नाही म्हणून पिंग करून बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देणं मुळातच अडवू शकते. पिंग आलं नाही म्हणजे केबल गेली, असा अर्थ होत नाही.

दोन्हींवर विंडोज १० किंवा ११ असेल आणि ऑल-इन-वनच्या वायफाय कार्डाला मिराकास्ट, म्हणजे वायफायवरून चित्र पाठवायची पद्धत, झेपत असेल, तर बाहेरचं सॉफ्टवेअर लागतच नाही. ऑल-इन-वनवर ऑप्शनल फीचरमधून वायरलेस डिस्प्ले बसवा, सेटिंगमध्ये प्रोजेक्टिंग टू धिस पीसी चालू करा, लॅपटॉपवर विंडोज की आणि के दाबून तो निवडा. बाजारातल्या स्वस्त यूएसबी वायफाय डोंगलना बहुधा हे जमत नाही. केवळ यासाठी तसला डोंगल घेऊ नका.

पायरी ८ : दोन्ही संगणक वेगळेच हवेत, माउस मात्र एक

काहींना खरं तर दुसरी स्क्रीन नकोच असते. जुन्या संगणकावर जुनं काम, लॅपटॉपवर नवं, आणि दोन कीबोर्डांनी टेबल भरलेलं. दोन्हींवर विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरमधलं माउस विदाउट बॉर्डर्स बसवा. एकाच माउसनं कड ओलांडली की तो दुसऱ्या संगणकावर जातो, कॉपी-पेस्टही चालतं. फक्त लॅपटॉपची खिडकी ओढून पलीकडे नेता येत नाही. जुन्या मॉनिटरला एकच जागा असेल आणि सीपीयू बंद करता येत नसेल, तर हा मार्ग मला सगळ्यांत कमी त्रासाचा वाटतो.

पायरी ९ : रोज वापरताना

लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो, मॉनिटर विझतो, पण कन्व्हर्टर लॅपटॉपला चिकटलेलाच असतो. त्यामुळे विंडोजला काही वेळा वाटतं की स्क्रीन अजून आहे, आणि तुमचं उघडं बिल त्या अंधारात अडकून बसतं. घाबरून लॅपटॉप बंद करू नका. टास्कबारवरून ती खिडकी निवडा आणि विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा, खिडकी इकडे येते. नाहीतर विंडोज की आणि पी दाबून पीसी स्क्रीन ओन्ली करा. छोटा यूपीएस असेल तर मॉनिटर त्याच्यावर घ्या.

लॅपटॉपचं झाकण लावून फक्त मोठी स्क्रीन वापरायची असेल तर पॉवर सेटिंगमध्ये झाकण लावल्यावर "काहीच करू नका" हा पर्याय घ्या, आणि लॅपटॉपला हवा मिळेल असा ठेवा.

विजेचा हिशेब सांगते, कारण पायरी ७ निवडण्याआधी तो करायला हवा. समजा मॉनिटर २० वॉट घेतो. रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ४ युनिट. तेवढाच वेळ १०० वॉटचा जुना संगणक चालवला तर २० युनिट. म्हणून मॉनिटर वेगळा असणाऱ्यांनी केवळ पडदा मिळावा म्हणून सीपीयू चालू ठेवू नये.

आणि तो बाजूला ठेवलेला सीपीयू भंगारात देणार असाल तर आधी त्याची हार्ड डिस्क काढून घ्या. तिच्यात जुनी खाती, आधारच्या प्रती, फोटो असतात. फाइल डिलीट केल्यानं ते जात नाही. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच ते काम. डिस्कवर वर्षाची चिठ्ठी चिकटवा आणि कोरड्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. तळमजल्यावरच्या दुकानात असेल तर पावसाळ्याआधी घरी न्या.